तिठ्यावर दाखवलेला हात

१९५८-५९च्या सुमारास आमच्या गावातून दिवसाला दोन एस.ट्या जात. वाहतूक म्हणायची ती एवढीच. नव्या फौजदारांनी तिला शिस्त लावायचं ठरवलं. नियमांचं पुस्तक इंग्रजीत होतं आणि मी शाळेत इंग्रजी शिकवत होतो, म्हणून ते मराठीत उतरवायचं काम माझ्याकडे आलं. ‘सायकल हेही वाहनच होय’ हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिलं. अजूनही मला ते बरं वाटतं.

त्या वाक्यात पहिला सापडला तो बांगडेवाला. पहाटे किनाऱ्यावर मासे घ्यायचे, कॅरिअरला दोन पाट्या बांधायच्या आणि उन्हं चढायच्या आत घाटाकडचा बाजार गाठायचा. बर्फ नव्हता. उशीर झाला की बाजारातल्या बायका कल्ले उघडून बघत आणि पाटी मागे सारत. मागच्या वजनाने त्याचं पुढचं चाक उचलायला बघे, म्हणून तो दोन्ही हातांनी हँडलचा दांडा दाबून धरी.

फौजदारांनी त्याला तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, अडवलं. "वळताना मोटारवाला हात दाखवतो. तूही दाखवायचा. कायदा सगळ्यांना एकच."

"सायब, माका दोनच हात आसत. तिसरो खंयसून हाडू?"

"घंटा कुठे आहे?"

पानवाला ओरडला, "सायब, बांगड्यांचो वास येता मा? तीच तेची घंटा!"

सगळे हसले. मीही हसलो. फौजदारांनी मात्र त्याला तासभर उन्हात उभं करून माझं मराठी पाठ करायला लावलं. त्या दिवशी दोन्ही पाट्या परत आल्या.

दुसऱ्या दिवशी तिठ्यावर फौजदार दिसताच त्याने उजवा हात सरळ बाहेर काढला. पुस्तकात होता तसाच. सायकल आडवी झाली, तो त्याच हातावर पडला आणि बांगडे तांबड्या मातीत पसरले. मदतीला अख्खा तिठा धावला. बायकांनी ओचे भरले, पानवाल्याने घमेलं आणलं. मी आठ उचलले. त्याला कुणी उचललं, ते आठवत नाही.

"हात दाखवलास, हे चांगलं," फौजदार म्हणाले, "पण उशिरा दाखवलास." मग पंचनाम्यासाठी म्हणून केळीच्या पानात बांधलेले बांगडे एका हातात धरून ते आपल्या सायकलवर बसले आणि कचेरीकडे वळले. दुसरा हात दांड्यावर होता. तिसरा त्यांनाही नव्हता.

बांगडेवाल्याचं मनगट वाकडंच जुळलं. सायकल विकून तो पाटी डोक्यावर घेऊन चालत जाऊ लागला. चालणाऱ्याने हात दाखवावा असं कुठे आहे का, हे मी पुस्तकात पुन्हा पाहिलं. नव्हतं. पण पायी बाजार गाठेपर्यंत मासे खाण्याजोगे राहत नसत. परतताना तो दारोदार विचारी. एकदा माझ्या दाराशी थांबला.

"मास्तरानू, माडांका खत व्हया काय?"

मी घेतलं. त्या वर्षी माडांना नारळ चांगले लागले.