मनरूपाची पोत

तिहारच्या सणात, म्हणजे दिवाळीत, आमच्या गावात घरोघर मारुनी नाचते. मारुनी म्हणजे बाईचा वेष घेतलेला पुरुष. कितीतरी वर्षं तो वेष तुलबीर रानानं घेतला. चोळी, नथ आणि लाल मण्यांची पोत मात्र त्याच्या बायकोची, मनरूपाची. तीच त्याला सजवायची. "माझ्यापेक्षा तूच देखणी दिसतेस की मेल्या," म्हणायची.

त्या वर्षी मनरूपानं अंथरूण धरलं. तुलबीरनं मादल वाजवणाऱ्या गुरूला विनवलं, "औंदा मला सोडा."

कर्णजित गुरू अंगणातच बसले होते. मनरूपाला ऐकू जाईल असं बोलले, "देवांना बोलावणं गेलंय. मारुनी पुरुषच लागतो, तोही दीक्षा घेतलेला. एका बाईपायी गाव बुडवायचं?"

मनरूपानं स्वतःच पोत उतरवून त्याच्या गळ्यात घातली. "जा. नाहीतर मेल्यावरही मलाच बोल लावतील."

मी शेजारीण, तिच्या उशाशी बसले. दुपारी तिला घरघर लागली. मी वरच्या वस्तीत निरोप धाडला. तो गुरूंना पोचला, पण त्यांनी तो तुलबीरपासून दडवला. सगळी घरं नाचून झाल्यावर सांगितला. तो घागऱ्यातच धावत आला, तेव्हा ती गार पडली होती. तिची पोत त्याच्या गळ्यात होती.

"बायको मरत होती आणि हा कंबर हलवत होता," बायका म्हणाल्या. त्यांत गुरूंच्या बायकोचा आवाज सगळ्यांत मोठा.

पुढच्या तिहारला गुरू नाचाचं बोलावणं घेऊन पुन्हा दारात. "जुनं उकरू नकोस, बाबा. तू आला असतास तरी ती वाचली नसती."

"वाचली नसती," तुलबीर म्हणाला. "पण दाराकडे बघत मेली नसती." आणि त्यानं दार लावून घेतलं.

त्या साली गारपिटीनं कोदोचं उभं पीक झोडपलं. दोष तुलबीरवर आला. त्याच्या शेतात कामाला कुणी येईना, त्यालाही कुणी बोलावीना. तेव्हापासून तो एकटाच नांगरतो, एकटाच कापतो.

परवा तिहारला शाळेच्या मैदानात मंच बांधला होता. मारुनी नाचल्या शाळेतल्या पोरी, तेही कर्ण्यावरच्या गाण्यावर. पहिल्या रांगेत गुरू शाल पांघरून टाळ्या वाजवत होते. देव कोपल्याचं कुणी बोललं नाही.

परतताना वाटेत तुलबीरदादा भेटला. पाठीवर भारा.

"बघायला आला नाहीस?"

"गवत कापायचं होतं," म्हणाला, आणि मला वाट देऊन बाजूला झाला.