मिठाच्या पाण्यातला उजेड

लग्न होऊन वहिनी त्या घरात आली, तेव्हा नणंदेबद्दल तिला एवढंच सांगितलं होतं, की ती नाट्यगृहात नटांचे कपडे धुते, इस्त्री करते आणि स्वभावाने जरा चंचल आहे. त्या ‘जरा’चा अर्थ वहिनीला पहिल्याच आठवड्यात कळला. नणंद बसून जेवत नसे. ताट हातात घेऊन खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत फिरायची. पंखा कुरकुरला की घास तोंडात ठेवून स्टुलावर चढायची. कोणाशी बोलता बोलता त्याच्याच छत्रीची काडी वाकवून बघायची, आणि ती मोडली की वर त्यालाच ऐकवायची, “कच्ची होती.” सगळी गल्ली तिला भिंगरी म्हणायची. वहिनीही पुढे तेच म्हणायला लागली.

“हिचं लग्न का नाही केलंत?” वहिनीने एकदा नवऱ्याला विचारलं.

“केलं असतं गं. पण बघायला आलेल्या मुलाचं घड्याळ हिने उघडलं.”

“मग?”

“मग काय. मिटलं नाही ते.”

नाट्यगृहाच्या मागच्या अंगाला कपडेपट होता. उंच छताची, ओलसर वासाची खोली. तिथे एका मोठ्या टबात मीठ घातलेलं पाणी असायचं. नवे रंगीत कपडे त्यात बुडवून ठेवले की रंग सुटत नाही. वर आकड्याला एक दिवा लोंबायचा. त्याची टबावरून सैल गेलेली वायर इतकी जुनी होती, की तिच्याकडे बघायलाही भीती वाटावी. एका दुपारी तिच्यातली एक तार मधेच तुटली आणि तुटलेली दोन्ही टोकं खालच्या टबात पडली. दुसरं कोणी असतं तर किंचाळत बाहेर पळालं असतं. भिंगरीही किंचाळली, पण पळाली नाही, कारण दिवा विझला नव्हता. तो मंद, पिवळट, झोपाळू डोळ्यासारखा जळत होता. कपडे ढवळायची लाकडी काठी तिच्या हातात होतीच. तिने काठीने वायरचं एक टोक दुसऱ्याच्या जवळ सरकवलं. उजेड फुलला. लांब ढकललं, उजेड कोमेजला. किती वेळ ती तेच करत बसली देव जाणे. इस्त्रीखाली एका राजाचा अंगरखा जळून गेला, तेव्हा ती भानावर आली.

घरी आली ती वहिनीच्या गळ्यातच पडली. “वहिनी, उजेड हळूहळू जातो! टपकन नाही, हळूहळू! मिठाच्या पाण्यातून!”

“आधी हात दाखव,” वहिनी म्हणाली. “भाजलाय का ते बघू दे.”

त्यानंतर वहिनीच्या स्वयंपाकघराला ओहोटी लागली. आधी मीठ संपायला लागलं. मग चिनीमातीच्या बरण्या एकेक करून नाहीशा झाल्या. मग पत्र्याच्या डब्यांची झाकणं गेली. भिंगरी बरणीच्या तळाशी एक पत्रा ठेवायची, दुसरा दोरीने वरून सोडायची, मधे मिठाचं पाणी. पत्रे जवळ आले की दिवा पेटायचा, लांब गेले की मंदावायचा. ते कधी जमायचं, आणि बहुतेक वेळा घरातले सगळे दिवे एकदम जायचे. खालच्या मजल्यावरचा शिंपी जिन्यावरून ओरडायचा, “भिंगरीबाई, माझं मशीन थांबलं!” नवरा डोक्याला हात लावायचा. भिंगरी मात्र पुन्हा फ्यूज बांधायला धावलेली असायची.

“तुला हे शिकवलं कोणी?” वहिनीने विचारलं.

“कोणी नाही. नाट्यगृहातले दिवे बघणारा तारवाला जवळ उभं करत नाही. म्हणतो, कपडे सांभाळ.”

“मग अंदाजाने करतेस?”

“चुकून करते,” भिंगरी म्हणाली. “चुकलं की कळतं.”

त्या दिवसापासून भिंगरी बरण्यांशी खेळायला लागली की वहिनी कोरड्या फळीवर उभी राहून हातात काठी धरायची. नणंद चिकटलीच तर ढकलून सोडवायला.

त्याच सुमारास नाट्यगृहात एक नाटक बसत होतं. त्यात एक म्हातारा आपल्या मुलाची वाट बघत बसतो, संध्याकाळ होते आणि मुलगा येत नाही. दिग्दर्शकाला ती संध्याकाळ हवी होती. तारवाल्याकडे बटणं होती. वर केलं की दिवस, खाली केलं की रात्र. दिग्दर्शक कावून म्हणाला, “अरे, हा म्हातारा वाट बघतोय की याचा बल्ब उडालाय?” विंगेत कपड्यांचा गठ्ठा घेऊन उभी असलेली भिंगरी म्हणाली, “संध्याकाळ मी करते.” लोक हसले. दिग्दर्शक हसला नाही. त्याला दुसरा उपायच नव्हता.

पहिल्या तालमीत बरण्यांतलं पाणी उकळायला लागलं आणि स्टेजवर वाफ आली. म्हातारा झालेला नट खोकून खोकून बेजार झाला. तारवाल्याने ‘मी सांगितलं होतं’ असा चेहरा केला. भिंगरीने बरण्या मागच्या बोळात नेल्या, आणखी बरण्या जोडल्या, दोऱ्या लांबवल्या. वहिनी आयुष्यात पहिल्यांदा नाट्यगृहाची पायरी चढली ती त्या पहिल्या प्रयोगाला, आणि तीही घरून निघताना उरलेलं मीठ कुलपात ठेवून.

नाटक तिला फारसं कळलं नाही. पण म्हातारा खुर्चीत बसला आणि त्याच्या मागची भिंत हळूहळू निवत गेली, तेव्हा तिच्या शेजारच्या बाईने नकळत स्वतःची शाल अंगावर ओढून घेतली. कोणी शिंकेना, कुजबुजेना. वहिनीला एकदम वाटलं की आपणच कोणाची तरी वाट बघतोय आणि उशीर झालाय. तो उजेड तिच्याच बरण्यांमधून येत होता हे तिला मधेच आठवलं.

घरी येताना ती काहीतरी चांगलं बोलणार होती. भिंगरीने संधीच दिली नाही. “चुकलं गं. सगळं चुकलं.”

“लोक रडत होते!”

“लोकांना काय. संध्याकाळ अशी सगळीकडून एकदम नाही जात. आधी कुठून जाते?”

दुसऱ्या दिवसापासून कलती उन्हं झाली की भिंगरी वहिनीला ओढून खिडकीशी उभी करायची. दोघी बघायच्या. आधी कोपरे जातात. मग टेबलाखालची जागा. मग माणसांचे चेहरे जातात, पण हात बराच वेळ दिसत राहतात. भांडी सगळ्यात शेवटी विझतात. हे बघण्यापायी कितीदा दूध उतू गेलं आणि भात करपला याची गणतीच नाही. नवरा म्हणायचा, “एक होती तोवर ठीक होतं. आता दोन झाल्या.”

पुढची बरीच वर्षं त्या नाट्यगृहातला उजेड भिंगरीचा होता. तारवाला निवृत्त झाला, जाताना तिला आपली पकड देऊन गेला. हजेरीपटावर मात्र ती कपडेवालीच राहिली, कारण ती जे करायची त्याला तिथे शब्द नव्हता. तिलाही त्याचं काही नव्हतं. एक नाटक उभं राहिलं की तिचं मन त्यातून उडायचं आणि पुढच्यात अडकायचं. पाण्याखालचा उजेड कसा असेल? आजारी माणसाच्या खोलीतला? विचारांच्या नादात ती चुकीच्या गल्लीत वळायची, आणि लोक तिला हाताला धरून घरी आणून सोडायचे.

मग नाट्यगृहात नवं यंत्र आलं. सरकत्या बटणांची लांबलचक पेटी. बोटाने पट्टी वर नेली की उजेड वर, खाली आणली की खाली. वाफ नाही, वास नाही. पेटीबरोबर ती चालवायला रीतसर शिकलेला माणूस आला. शांत, भिंगरीच्याच वयाचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा. सगळे त्याला चष्मेवाला म्हणायला लागले. त्याने पहिल्याच दिवशी भिंगरीला बोलावलं. “या, दाखवतो. सोपं आहे.”

‘सोपं आहे’ हे त्याने म्हणायला नको होतं. भिंगरी हात मागे बांधून उभी राहिली, मान डोलावली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेले असताना तिने पेटी उघडली. चष्मेवाला परतला तेव्हा आतलं सगळं तिने जमिनीवर ओळीने मांडलेलं होतं आणि ती मधोमध बसली होती.

“परत लावते,” ती म्हणाली.

लागलं नाही. एक काळा भपका निघाला आणि पेटी गप्प झाली. जुन्या बरण्या तर व्यवस्थापकाने आधीच भंगारात काढल्या होत्या. तो प्रयोग रद्द झाला, आलेले लोक परत गेले. व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता, पण त्या संध्याकाळी त्याने तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं, आणि त्यात त्याचं चुकलं असं वहिनीलाही म्हणता येईना.

ते दिवस वहिनीला फार जड गेले. भिंगरी घरात कोंडल्यासारखी फिरायची. कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला, पुन्हा या भिंतीला. रेडिओ उघडला, तो जोडला, मग जोडलेला पुन्हा उघडला. दारांच्या बिजागऱ्यांना इतकं तेल घातलं की दारं आपसूक उघडायला लागली. पहाटे वहिनीला जाग यायची ती तिच्या पावलांनी.

“एका जागी बस गं बाई!” वहिनी एकदा कडाडली. “डोकं उठलंय माझं!”

भिंगरी थांबली. “बसले की आत पळापळ सुरू होते, वहिनी. बाहेर फिरलेलं बरं वाटतं.” मग खालच्या आवाजात म्हणाली, “ते सोपंच होतं. मला नाही कळलं.”

वहिनीने तिचं असं बोलणं कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी भाजीची पिशवी हातात घेऊन ती निघाली आणि थेट नाट्यगृहात गेली. व्यवस्थापकाकडे नाही, चष्मेवाल्याकडे. “ती पेटी कुठंय?”

“मागे पडलीय. दुसरी मागवली.”

“मग ती मला द्या.”

“तुम्हाला?” तो गोंधळला. “वहिनी, ती जळलीय.”

“माझ्या घरातही एकजण जळतेय,” वहिनी म्हणाली. “दोघींना एकत्र ठेवते.”

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग स्वतःच हातगाडी शोधायला गेला. पेटी जिन्यातून वर चढवताना शिंप्याने दार उघडून पाहिलं आणि काही न बोलता मेणबत्ती काढून ठेवली.

पेटी बाहेरच्या खोलीतल्या पलंगावर बसली. त्यावर झोपणारा नवरा जमिनीवर आला. भिंगरीने दोन दिवस तिच्याकडे पाठ करून काढले. तिसऱ्या दिवशी झाकण काढलं. चष्मेवाला सुट्टीच्या दिवशी यायचा, वहिनी चहा टाकायची आणि बाहेरच्या खोलीतून भांडणं ऐकू यायची.

“हे असं का?” भिंगरी विचारायची.

“असंच असतं.”

“असंच म्हणजे काय? तुम्हाला माहीत नाही असं म्हणा ना!”

“माहीत नाही,” चष्मेवाला शेवटी कबूल करायचा, आणि पुढच्या खेपेला कुठून तरी विचारून यायचा. त्याने तिला आकृती वाचायला शिकवलं. तिने त्याला खिडकीशी उभं केलं आणि कोपरे बघायला लावले. तिची जिद्द त्याच्या शिस्तीला धडका देत राहिली, आणि एके दिवशी पेटीने उजेड वर नेला, खाली आणला. शेवटच्या दोन पट्ट्या कायमच्या मेल्या त्या मेल्याच. भिंगरीने त्यांच्यावर चिंधी बांधली आणि पुढे निघाली.

नाट्यगृहाने तिला परत घेतलं नाही. मग ती पेटी हातगाडीवर घालून जिथे दिवे नव्हते तिथे जायला लागली. शाळांच्या पटांगणात, कारखान्यांच्या आवारात, कामावरून सुटलेली माणसं नाटक करायची तिथे. वहिनी बरोबर असायचीच, आता कोरड्या फळीऐवजी रबरी चपला घालून. भिंगरीचे हात पुढे थरथरायला लागले. मग ती सांगायची आणि वहिनी पट्ट्या सरकवायची. “हळू! अगं, पोळी नाही लाटत आहेस!” आजारी पडून दवाखान्यात गेली, तिथेही डोक्यावरच्या दिव्याबद्दल तिने परिचारिकांना इतकं छळलं, की शेवटी त्यांनी तो बंद करून खिडकीचा पडदा बाजूला सारला. ती गेली ती अशाच एका दुपारी, उशी नीट कर म्हणून सांगता सांगता.

चष्मेवाल्याने नाट्यगृहात तिच्या आठवणीसाठी सभा ठेवली. भिंगरीचा भाऊ म्हणाला, “मला जमणार नाही. तू जा.” वहिनी पहिल्या रांगेत बसली. एकापाठोपाठ एक जण उठला. कोणी म्हणालं, ती शांत होती. कोणी म्हणालं, सोशिक. नव्या व्यवस्थापकाने तर तिला मूक सेविका म्हटलं. वहिनीची खुर्चीत चुळबुळ सुरू झाली. तिने पदर आवळला, सोडला. शेवटी कोणी बोलवायच्या आत ती उठून वर गेली.

“तुम्ही ज्या बाईबद्दल बोललात तिला मी ओळखत नाही,” ती म्हणाली. सभागृह चपापलं. “माझी नणंद मूक नव्हती. सेवा तर तिने कोणाचीच केली नाही. तिने माझ्या बरण्या पळवल्या. अंगरखा जाळला. तुमचा प्रयोग बुडवला, तेव्हा ती बरोबर नव्हती, चूकच होती. आणि तरी ती पुन्हा उघडून बघायचीच. तिला कोणी शिकवलं नाही, म्हणून तिला सगळं दोनदा शिकावं लागलं. एकदा चुकत, एकदा बरोबर. थकायची ती. ते तुम्ही कोणी पाहिलं नाहीत, मी पाहिलंय.” तिने पदर पुन्हा आवळला. “ती फार त्रासदायक होती,” ती म्हणाली आणि खाली आली.

आधी कोणीतरी मागून हसलं, मग सगळे हसले, आणि चष्मेवाला चष्मा हातात घेऊन तसाच बसून राहिला.

वहिनी घरी आली तेव्हा नवरा खिडकी ते दार, दार ते खिडकी करत होता. कधी नव्हे तो.

“काय बोललीस?” त्याने विचारलं.

“खरं ते बोलले.”

“आणि लोक?”

“हसले.”

तो फिरायचा थांबला. मग पलंगावरच्या पेटीला जरासं सरकवून त्याने जागा केली आणि म्हणाला, “बस. अंगरख्याचं सांगितलंस का? ते मला नीट माहीत नाही. सांग.”

वहिनी बसली आणि सांगायला लागली.