मोटारीला नको म्हणणारे आत्मारामनाना

आत्मारामनानांची आणि माझी ओळख झाली ती त्यांची बोलणी खाऊन. चौऱ्याऐंशी साल असावे. अमळनेरहून बदली होऊन मी जळगावला आलो होतो. एका रविवारी मेहरूण तलावावर होडीत बसलो, शेंगा खाल्ल्या आणि रिकामी पिशवी पाण्यात टाकली. वल्ही मारणारे धोतर-टोपीतले गृहस्थ थांबले.

"उचला ती."

"लांब गेली हो, नाना," शेजारचे कुणी म्हणाले.

नानांनी होडी वळवली. मी पिशवी उचलली, तेव्हाच त्यांनी पुन्हा वल्ही मारली.

नाना शाळेत सुतारकाम शिकवीत. निवृत्तीनंतर त्यांनी स्वतःच्या हातांनी चार होड्या घडवल्या आणि त्यांच्यावरच आमचे नौकाविहार मंडळ उभे राहिले. त्यांचे नियम दोनच. होडी वल्ह्यांनीच चालेल, आणि पावसाळ्यात लव्हाळ्याच्या काठाला कुणी जाणार नाही. कारण विचारले की घरच्या बोलीत म्हणत, "भाऊ, तठे पाखरेस्ना घरं शेतस." म्हणजे तिथे पाखरांची घरे आहेत. टिबुकली पाण्यावर तरंगते घरटे बांधते. मोठी लाट आली की अंडी बुडतात. हे मला त्यांनीच दाखवले.

माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला, तेव्हा ते खाटेवरून उठायला तयार नसत. नाना घरी आले, त्यांना पाठुंगळी घेतले आणि होडीत नेऊन बसवले. पुढे वर्षभर, दर रविवारी. वडील गेले त्या आठवड्यातही त्यांनी पाण्यात हात घातला होता.

एवढे उपकार घेऊन मी काय केले, तेही नानांच्या या गौरवग्रंथात यायला हवे.

मंडळाकडे गर्दी घटू लागली, तेव्हा मोटारबोटीचा ठराव आला. नाना सभेत उभे राहिले. म्हणाले, "वर्षातले चार महिने तरी मोटार बंद ठेवा. बाकी तुमचं ऐकतो." कुणीतरी हसले. हात वर झाले. त्यांत माझाही होता. मी नानांकडे पाहिले नाही.

पहिल्याच पावसाळ्यात लव्हाळे उपटून निघाले. तेलाचे तवंग काठाला लागले. एका सकाळी नाना मंडळाच्या कार्यालयात आले आणि टेबलावर भिजलेल्या काड्यांचा एक पुंजका ठेवला. त्यात फुटलेली दोन अंडी होती. त्यांनी आपल्या चारही होड्या पाण्याबाहेर ओढल्या आणि त्यानंतर ते तलावावर आले नाहीत. पुढे मोटारही बिघडून पडली. पाखरे मात्र परतली नाहीत.

नानांच्या पंचाहत्तरीचा हा ग्रंथ काढायचे ठरले, तेव्हा मी संमती घ्यायला गेलो.

"हरलेल्या माणसाचा कसला गौरव?" ते म्हणाले. मग चहा मागवला आणि माझ्या पायाचे दुखणे कसे आहे, ते विचारत राहिले. मला माफीही मागायची होती. ती तशीच राहून गेली.

ती येथे, सर्वांसमक्ष मागतो. नाना, आपण ती द्यावी असा आग्रह नाही. आपली प्रकृती ठणठणीत राहो, आपण शंभरी पाहावी. या मागण्यात आमचा स्वार्थ आहे. आपण आहात तोवर, त्या पाण्यावर कधी घरटी होती हे सांगणारे एक तरी माणूस या गावात आहे.