बिनफाटकाचा दवाखाना

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. आम्ही बौद्ध. आमच्या घरात उतारा नाही, भगत नाही, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालणं नाही... लहानपणी कुणी नुसतं "नजर लागली" म्हटलं तरी बाबा त्याचं अर्धा तास डोकं खायचे. त्यात मी फार्मसिस्ट, रत्नागिरीत एका मेडिकलमध्ये कामाला. त्यामुळे खाली कमेंटमध्ये मला विज्ञान शिकवायच्या भानगडीत कुणी पडू नये. जे झालं ते दिवसाढवळ्या, रांगेतल्या सगळ्या पेशंटच्या देखत झालंय.

गाव पावसच्या आतल्या अंगाला. नाव देत नाही, ओळखणारे ओळखतील. डांबरी रस्ता संपतो तिथं गावातले बागायतदार तात्या यांची हापूसची बाग आणि बागेच्या पलीकडे उतारावर आमची वाडी. वाडीत गाडी यायची तर बागेतूनच, दुसरी वाट नाही. तात्यांनी तिथं पुरुषभर उंच चिऱ्याचा गडगा घातला, वर काटेरी तार ओढली आणि लोखंडी फाटक लावलं. का, तर म्हणे आंबे चोरीला जातात.

आईला दमा होता. एका मे महिन्यात भरदुपारी तिला अटॅक आला आणि पंप मारूनही उतरेना. बाबांनी रिक्षा बोलावली, ती फाटकाच्या पलीकडे येऊन उभी राहिली. आम्ही आईला खुर्चीत बसवून फाटकापर्यंत आणलं, तर साखळीला कुलूप. तात्या जवळच आंब्याच्या पेट्या भरून घेत उभे होते. बाबांनी हात जोडले. "तात्या, जरा फाटक उघडा. हिला श्वास घेता येत नाही."

"चावी गड्याजवळ आहे रे यशवंता. जेवायला गेलाय तो. येईल इतक्यात."

चावी त्यांच्या कमरेला होती. करगोट्याला लटकलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली. मी ओरडले, शिव्या दिल्या, बाबा गडग्यावर चढायला गेले तर तारेनं त्यांचे हात फाटले... आणि आई माझ्या मांडीवर डोकं ठेवून, छातीतून शिट्टी वाजावी तसा आवाज करत गेली. त्या दिवसापासून त्या माणसाचं वाटोळं व्हावं असं मला वाटत आलंय, आणि ते मी कधी लपवलं नाही.

बाबांचं नेमकं उलटं. आईच्या जलदान विधीला, म्हणजे आमच्याकडच्या श्रद्धांजलीला, ते उभे राहिले आणि म्हणाले, हिच्या पुण्यानुमोदनाला आपण गोरगरिबांसाठी दवाखाना काढू. डांबरी रस्त्याला लागून आमचं विहार आहे, त्याच्या हॉलमध्ये तो सुरू झाला. दर रविवारी रत्नागिरीहून डॉक्टर शमीम मॅडम येतात, फी घेत नाहीत. औषधं मी देते. बुद्धमूर्तीच्या बाजूच्या भिंतीवर आईचा फोटो आहे. आवाराला चिऱ्याचे दोन खांब आहेत, पण मध्ये फाटक नाही. बाबांनी लावूच दिलं नाही. "इथून कुणी परत जायचं नाही. करुणा ही निवडून निवडून करायची गोष्ट नाही," असं ते सगळ्यांना सांगतात.

आणि एका रविवारी तात्या आले. शुगरने पायाला जखम झालेली, मुलगे मुंबईत, फोन केला तर उचलत नाहीत. बाबा स्वतः उठून त्यांना आणायला गेले. मी मात्र काउंटरवरून तमाशा बघत होते. म्हटलं, ये मेल्या, ये आता दारात.

खांबांच्या मध्ये पाय टाकला आणि तात्या थांबले. छाती धरली. तोंड उघडं, ओठ काळेनिळे, आणि छातीतून शिट्टी... तोच आवाज. बाबांनी त्यांना मागे ओढलं तर रस्त्यावर येताच श्वास साफ. मॅडमनी तिथंच छाती तपासली. दमा नाही, कफ नाही, काही नाही.

पुढच्या रविवारी तेच झालं. मग दोघांनी खुर्चीत बसवून उचलून आत न्यायचा प्रयत्न केला, तर तात्या गुरासारखे धडपडायला लागले, म्हणून परत बाहेर आणले. मॅडम म्हणाल्या, "घाबरतायत ते. मनात खातंय काहीतरी, म्हणून पॅनिक अटॅक येतोय." मलाही ते पटलं. बरं झालं, खाऊ दे.

पण एकदा ते तापाने पार बेशुद्ध होते. शेजाऱ्याने रिक्षात आडवे घालून आणले. मॅडमनी रस्त्यावरच त्यांच्या बोटाला ऑक्सिजनचं मशीन लावलं, आकडा उत्तम. मग रिक्षा हळूहळू आत घेतली. त्या माणसाला आपण कुठं आहोत याची शुद्ध नव्हती हो! तरी खांब ओलांडताच शिट्टी सुरू झाली आणि आकडा झरझर खाली यायला लागला. मॅडम ओरडल्या, "मागे घ्या, मागे!" रिक्षा मागे गेली, आकडा वर आला. तात्यांना स्वतःच्या गाडीत घालून मॅडमनीच सिव्हिलला नेलं.

तिथून आल्यावर तात्यांनी जेसीबी बोलावला आणि गडगा, फाटक सगळं पाडलं. वाट वाडीच्या नावाने लिहून दिली. आता आमच्या दारापर्यंत अॅम्ब्युलन्स येते. वाडीतल्या बायका म्हणाल्या, चला, सुटला बिचारा. त्या रविवारी ते नवं धोतर नेसून, हात जोडून खांबांपाशी आले. रांगेतले सगळे उठून उभे राहिले. तात्यांनी पाऊल आत टाकलं... आणि शिट्टी वाजली.

रस्त्यातच बसून रडले ते. म्हणाले, "यशवंतराव, पाय गेला तरी चालेल मला. एकदा तिच्या फोटोसमोर जाऊ दे." मला दया आली असती तर बरं झालं असतं. नाही आली.

पाय खरंच गेला. गुडघ्याखालून कापावा लागला. तरी अजून दर रविवारी ते कुबड्या घेऊन येतात. बाबा त्यांना बाहेर काजूच्या झाडाखाली खुर्ची देतात. औषधं बाहेर, तपासणी बाहेर. मॅडमनी तात्यांची फाइल मोठ्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी छातीच्या सगळ्या तपासण्या परत केल्या, सगळ्या नॉर्मल. इथं कुणाला काही सुचत असेल तर सांगा, मनापासून वाचेन.

मागच्या महिन्यात दवाखाना आवरल्यावर बाबा माझ्याजवळ आले. जन्मभर अंधश्रद्धेवर भाषणं ठोकणारा माणूस, आणि बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

"बाय गो, तू सांग तिला."

"कोणाला?"

"तुझ्या आईला. शेवटी तुझ्याच मांडीवर होती ती. तुझं ऐकेल. मी सांगून बघितलं, माझं नाही ऐकत. सांग, झालं ते झालं, आता सोड त्याला. आपल्या दारातून माणूस परत जातो गो, मला झोप लागत नाही."

माझे बाबा असं बोलतील हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्यांचा चेहरा बघून मी हो म्हटलं.

आता दर रविवारी ते विचारतात, "सांगितलंस ना?" मी म्हणते, सांगितलं. आणि सांगतेच मी. सगळे गेले की आईच्या फोटोसमोर हात जोडून उभी राहते आणि तिला ऐकू जाईल इतपत म्हणते, "आये, सोडू नको."