नंदिनी गप्प झाली तेव्हा

आमच्या शेजारची पंचफुला थूल हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला आहे. तिथल्या यंत्रांच्या आवाजात बोलायचं म्हणजे ओरडायचंच, आणि तीच सवय घरी. त्या घरात आरडाओरड चालू असली की सगळं ठीक. कोणी गप्प बसलं की समजायचं, खरंच काहीतरी बिनसलंय.

तिची मुलगी नंदिनी आता बंगळुरूच्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबची गोलकीपर आहे. पुढे बचावाला असलेल्या पोरींना ती सामनाभर झापते. त्यांना वऱ्हाडी कळत नाही, पण मागे कोणीतरी आहे एवढं कळतं.

गेल्या हंगामात एक साधा चेंडू तिच्या हातून सुटला आणि गोल झाला. आता कोणत्या तोंडाने दुसऱ्यांना बोलायचं, म्हणून लाजेने ती गप्पच झाली. पुढच्या पोरी बिचकल्या, चुकीचे पास देऊ लागल्या. आणखी दोन गोल झाले. मध्यंतरात, हे नंदिनीने नंतर फोनवर सांगितलं, मणिपूरच्या लेफ्ट बॅकने हळूच विचारलं, "दीदी, हमसे नाराज़ हो?"

नंदिनी थक्क झाली. मी तर म्हणते, बाई, लाज घरी जाऊन वाटून घे. मैदानात ती दुसऱ्यांना रागासारखी दिसते!

उत्तरार्ध सुरू होताच नंदिनी कडाडली, "काऊन पाहून राह्यली माह्याकडे? बॉलकडे पाह्य!" लेफ्ट बॅक हसली.

टीव्हीवर सामना पाहताना आम्हाला तिचा आवाज आला नाही, नुसते ओठ हलताना दिसले. पंचफुला मात्र उठून चहा ठेवायला गेली.

"बोलाले लागली माही पोरगी," ती म्हणाली. "आता हरली तरी चालते."