पडीक रानातला ठोका

गहिनीनाथ लवांडे तिसगावचा. पुण्याला इंजिनिअर झाला आणि तेल शोधणाऱ्या एका कंपनीत लागला, तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगा पेट्रोल पंपावर बसणार. तो गुजरातेत उन्हातान्हात केबली ओढत बसला. नवा फील्ड इंजिनिअर म्हणजे सगळ्यांच्या आधी उठणारा आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणारा माणूस, हे त्याला लवकरच कळलं.

बहात्तरच्या दुष्काळात त्याची तुकडी नगर जिल्ह्यात आली. इथल्या काळ्या पाषाणाखाली काय आहे, ते वरूनच अजमावायचं होतं. रानातून सरळ रेषेत केबल टाकायची, तिला जोडलेले मुठीएवढे जिओफोन जागोजाग मातीत खोचायचे आणि मग एका अरुंद बोअरात सुरुंग उडवायचा. हादरा खालच्या थरांवरून उलटून वर येई आणि जिओफोन तो टिपत. मजूर त्यांना ‘कान’ म्हणत. केबलचं टोक गाडीत असे आणि गाडीतल्या काचेवर प्रत्येक कानाचा एकेक उजेडाचा ठिपका दिसे. सुरुंगाआधी सगळे ठिपके थंड, म्हणजे अगदी स्थिर, असावे लागत. लांब कुठं बैल चालला तरी ठिपका थरथरे. सगळं शांत झाल्यावर इशारा द्यायचा, हे काम गहिनीनाथकडे होतं.

शेवगावच्या वाटेवर एका वस्तीजवळ ही रेषा छबूबाईच्या पडीक रानातून गेली. छबूबाई म्हातारी, एकटीच राहायची. तिनं केबल टाकायला हरकत घेतली नाही. घरासमोरच्या बाभळीखाली बसून ती नुसती बघत राहिली.

दुपारी सुरुंग भरून झाला. माणसं जागच्या जागी थांबली. काचेवरचे ठिपके एकेक करून थंडावले, पण एक थांबेना. तो उसळायचा, थांबायचा, पुन्हा उसळायचा. कुणी दमानं कुदळ मारावी तसा.

गहिनीनाथनं तो कान बदलून पाहिला, केबलचा जोड बदलला. शेवटी शेजारचा चांगला कान उपटून तिथं लावला, तर तोही तसाच उसळू लागला. दोष यंत्रात नव्हता, त्या जागेत होता. तुकडीचे साहेब म्हणाले, कुणाचं तरी इंजिन चालू असेल. पण आसपासच्या विहिरी कोरड्या होत्या, इंजिनं कधीच बंद पडली होती. खडी फोडायचं दुष्काळी कामही बाजारामुळं त्या दिवशी बंद होतं. गहिनीनाथ त्या जागी जाऊन उभा राहिला. वारा नव्हता. पायाखाली काही जाणवत नव्हतं. भोवतालची माती मात्र वेगळी होती, भुसभुशीत, कधीतरी भर टाकल्यासारखी.

त्यानं बाभळीखाली जाऊन विचारलं, “मावशी, तितं आदी काय हुतं?”

छबूबाईनं मान वर केली.

“तुमच्या मशिनीला बी ऐकू येतंय व्हय?”

मग तिनं सांगितलं. तिथं विहीर होती. तिचा नवरा बन्सी स्वतःच खणत होता. पाणी लागलं नव्हतं. एका दुपारी सुरुंग घेतल्यावर तो बघायला खाली उतरला आणि कडा ढासळली. गावानं पुष्कळ उकरलं, माणूस हाती लागला नाही. मग वरून माती लोटून विहीर बुजवली. तेव्हापासून दुपारी तिला कुदळ ऐकू यायची. लोकांना सांगितलं, तर लोक म्हणाले, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मग तिनं सांगणं सोडलं.

गहिनीनाथनं तिला गाडीपाशी नेलं. काचेवर तो ठिपका उसळत होता. तिचं डोकं प्रत्येक ठोक्याआधी किंचित हलू लागलं. ठोका कधी पडणार ते तिला ठाऊक होतं.

भरलेला सुरुंग तसाच टाकून जाता येत नाही. तो उडवावाच लागणार, असं त्यानं तिला सांगितलं.

“वाईच थांबा,” ती म्हणाली. “मी सांगते त्यास्नी.”

ती बुजलेल्या विहिरीवर गेली, उकिडवी बसली, मातीवर तळहात टेकला. डोक्यावरचा पदर पुढं ओढून हळूच बोलली, “आवं, सुरुंग हाय. बाजूला व्हा.”

ठिपका थांबला. मग शेजारच्या कानाचा ठिपका उसळला. मग त्याच्या पलीकडचा. एकापाठोपाठ एक, केबलच्या पूर्वेच्या टोकापर्यंत ठिपके उसळत गेले आणि काच थंड झाली. गाडीतला ऑपरेटर खुर्ची मागं सारून उठला होता. गहिनीनाथनं छबूबाईला लांब नेऊन बसवलं आणि इशारा दिला. मातीचा फवारा उडाला, काम झालं.

संध्याकाळी गहिनीनाथ केबल गुंडाळत असताना छबूबाई जवळ आली. कुनीकडं गेले, एवढंच विचारलं. त्यानं पूर्वेकडे बोट दाखवलं.

“पानी लागलं नव्हतं ना,” ती म्हणाली. “हुडकत आसतील.”

तुकडीला त्या भागात तेल मिळालं नाही. ऑपरेटरनं बदली मागून घेतली आणि त्या दुपारबद्दल तो पुन्हा बोलला नाही. गहिनीनाथ आसामला जाण्याआधी एकदा वस्तीवर गेला. छबूबाई पूर्वेकडच्या नालाबांधाच्या कामावर जाऊ लागली होती. तिथं त्याला ती भेटली, अंगानं वाळलेली पण तरतरीत. आता कुदळ ऐकू येत नाही, म्हणाली. घरात फार सामसूम वाटते, झोप लागत नाही, असंही म्हणाली.

पुढं बऱ्याच वर्षांनी तिसगावला भावांनी विहीर काढायला घेतली. गहिनीनाथ रजा काढून आला आणि सुरुंग लावायचा नाही, असं बजावून बसला. पहार आणि छिन्नीनं पाषाण फोडताना काम लांबलं, भाऊ चिडले, पण तो ऐकेना. दुपारी मजूर भाकरी खायला वर येत, तेव्हा तो काठावर उभा राहून एकेकाचं नाव घेऊन विचारी, सगळे वर आलात ना? सगळे आलो म्हणत. तरी तो आणखी थोडा वेळ खाली बघत उभा राही.