प्लाय की ओएसबी

नवऱ्याला गच्चीवर उतरत्या छपराची एक खोली हवी होती. निवृत्तीनंतर तिथं बसून रेडिओ ऐकायचा, एवढीच हौस. लोखंडी सांगाडा उभा राहिला. त्यावर आधी लाकडी तक्ते ठोकायचे आणि मग वरून शिंगल, म्हणजे कौलांसारख्या डांबरी पट्ट्या, बसवायचे, असं ठरलं होतं. पण तक्ते प्लायचे घ्यायचे की लाकडाच्या चिपा दाबून केलेल्या ओएसबीचे, इथं घोडं अडलं होतं. मी विचारलं की म्हणायचे, "मी पाहतो वं, तू काहून टेन्शन घेऊन राहिली?"

ते ठरायच्या आतच त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. धंतोलीतल्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवी बाजू गेली होती, आणि बोलणंही. त्यांना समजतं, असं डॉक्टर म्हणाले. किती समजतं, ते कोणी सांगू शकलं नाही.

पाऊस जवळ आला तसा ठेकेदार दोन तुकडे घेऊन दारात उभा राहिला. "वहिनी, ओएसबी बी चालते, पण पाणी मुरलं का त्याच्या कडा फुगतेत. सांगा, काय आणू?"

मी दोन्ही तुकडे त्यांच्या पलंगावर ठेवले. "अहो, नुसता हात लावा. जो पाहिजे त्याले."

त्यांनी डावा हात उचलून प्लायवर ठेवला. माझा जीव हरखला. मग तोच हात ओएसबीवर गेला, परत प्लायवर, परत तिकडे. मी मनगट धरलं तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. या घरात त्यांना विचारल्याशिवाय आजवर एक खिळाही ठोकला गेला नव्हता.

"प्लाय आणा," मी ठेकेदाराला सांगितलं. माझाच आवाज मला परका वाटला.

छप्पर झालं. चांगलं झालं. एका सकाळी वर न्यायला त्यांच्या दोन भाच्यांनी त्यांना खुर्चीसकट उचललं. जिन्याच्या वळणावर ते घशातून ओरडू लागले, कठडा सोडेनात. भीती होती की राग, मला कळलं नाही.

"मामी, खाली नेऊ का?"

"न्या."

आता वर मी कपडे वाळत घालते. भर पावसात एक थेंब आत येत नाही. ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. पुन्हा मी तो विषय काढला नाही.